जिना कुणाचा, बिल कुणाचे

आमच्या सोसायटीचे ऑफिस रविवारी सकाळी साडेदहा ते बारा उघडे असते. ऑफिस म्हणजे पंपरूमला लागून असलेली खोली. तिच्यात एक टेबल, तीन खुर्च्या आणि एक कपाट, ज्याची किल्ली नेमकी गावाला गेलेल्या माणसाकडे असते. मी तिथला खजिनदार. एका रविवारी दुसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू, ऐरोलीला कुठल्याशा आयटी कंपनीत जाणारा तरुण मुलगा, मोबाइलवर मेंटेनन्सचे बिल घेऊन आला. बिल अर्थातच त्याच्या नावाचे नव्हते, घरमालकाच्या नावाचे होते. मालकांनी ते व्हॉट्सॲपवर पुढे ढकलले होते आणि खाली लिहिले होते, 'प्लीज पे'. त्याने स्क्रीनवर बोट ठेवून विचारले, "काका, हा सिंकिंग फंड म्हणजे काय?"

मी सांगितले. इमारत म्हातारी होते, कधीतरी मोठी डागडुजी करावी लागते किंवा पाडून नवी बांधावी लागते, त्यासाठी दर महिन्याला बाजूला काढायचे पैसे.

"पण माझा करार अकरा महिन्यांचा आहे."

"हो ना."

"मग इमारत पाडतील तेव्हा हे पैसे मला परत मिळणार का?"

मी हसून वेळ मारून नेली. पण दुपारी जेवताना तो प्रश्न परत आला, कारण मी स्वतः नऊ वर्षे नवी मुंबईत भाड्याने राहिलो आहे आणि नऊ वर्षे हाच सिंकिंग फंड निमूटपणे भरला आहे, तोही तीन वेगवेगळ्या इमारतींचा. त्यातली एक आता पुनर्विकासात गेली. तिथल्या माझ्या जुन्या घरमालकांना वाढीव क्षेत्रफळाचे नवे घर मिळणार आहे. त्यांचे अभिनंदन करायला मी फोनही केला होता.

त्या मुलाचे बिल ४,३४५ रुपयांचे होते. सेवा शुल्क १,८५०, लिफ्ट ३५०, पाणी ३००, पार्किंग १५०. हे झाले २,६५०. उरलेल्यात दुरुस्ती निधी १,११०, सिंकिंग फंड ३७०, इमारतीचा विमा ३० आणि नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालकाने घर भाड्याने दिल्याबद्दलचे शुल्क, १८५; हे झाले १,६९५. पहिल्या गटातले पैसे त्याच महिन्यात खर्च होतात: वॉचमनचा पगार, जिना झाडणाऱ्या मावशींचा पगार, पंपाची आणि लिफ्टची वीज. दुसऱ्या गटातले बहुतेक पैसे साठतात, आणि ज्या वास्तूवर साठतात ती भाडेकरूची नसते. अकरा महिन्यांचे १८,६४५ रुपये त्या मुलाने दुसऱ्याच्या मालमत्तेच्या आयुष्यात भर घालायला दिले, आणि त्याला वाटत होते की तो जिन्यातल्या दिव्याचे पैसे देतो आहे.

माझे म्हणणे सरळ आहे. भाड्याने दिलेल्या फ्लॅटचा मेंटेनन्स मालकाने भरावा, संपूर्ण भरावा, आणि तो भाड्याच्या आकड्यात धरून काय ते एकच भाडे सांगावे. भाडे वाढले तर वाढू दे. 'भाडे अठ्ठावीस हजार, प्लस मेंटेनन्स' या वाक्यातला तो 'प्लस' काढला पाहिजे.

पहिला आक्षेप लगेच येतो: जो वापरतो त्याने भरावे. लिफ्टने वर-खाली करतो भाडेकरू, टाकीतले पाणी सांडतो भाडेकरू, मालक बसला आहे दुबईला. ऐकायला रास्त वाटते. पण सोसायटीचे हिशेब वापरावर चालतच नाहीत. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी, म्हणजे नमुना नियमावली, उघडून बघा. लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांमध्ये समान वाटायचा, कुणी लिफ्ट वापरो न वापरो. तळमजल्यावरच्या आजोबांनाही तेवढाच. सेवा शुल्क प्रत्येक सदनिकेला सारखे, घरात दोन माणसे असोत वा सात. पाणी नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के. यात वापर मोजणारे एकही माप नाही. ही सगळी मापे मालकीची आहेत. सभासद कुलूप लावून वर्षभर अमेरिकेत लेकीकडे राहिला तरी त्याला बिल चुकत नाही, कारण ते राहण्याचे बिल नाहीच. मग घर भाड्याने दिल्याबरोबर तेच बिल 'वापराचे' कसे होते?

सेवा शुल्काच्या यादीत काय काय असते तेही एकदा वाचण्यासारखे आहे. पगार, सामायिक वीज, छपाई-टपाल हे ठीक. पण लेखापरीक्षणाची फी त्यातच, वकिलाची फी त्यातच, हाउसिंग फेडरेशनची वर्गणी त्यातच, कमिटी सदस्यांचा बैठक भत्ता त्यातच आणि वार्षिक सर्वसाधारण सभेचा खर्चही त्यातच. आमच्या सभेत दरवर्षी बटाटेवडा, वेफर्स आणि चहा असतो. भाडेकरू त्या वड्याचे पैसे भरतो. सभेच्या खोलीत मात्र त्याला बसता येत नाही. फार तर शंभर रुपये भरून त्याला नाममात्र सभासद करून घेतात, आणि 'नाममात्र' हा शब्द आपल्याकडे क्वचितच इतक्या अचूकपणे वापरला गेला असेल: मत नाही, हिशेबावर प्रश्न नाही, निवडणुकीला उभे राहणे नाही.

सहा वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगतो, इमारतीचे नाव न घेता. एका घरमालकाने भाडेकरू कुटुंबाकडून दरमहा भाड्याबरोबर मेंटेनन्स घेतला आणि सोसायटीत भरलाच नाही, चौदा महिने. सोसायटीने थकबाकीदारांची यादी लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावली. यादीत मालकाचे नाव बारीक अक्षरात आणि फ्लॅट नंबर ठळक. येणारे-जाणारे नंबर वाचत आणि त्या दारातून बाहेर पडणाऱ्या बाईंकडे बघत. मग कमिटीतल्या एका उत्साही गृहस्थांनी त्या फ्लॅटचे पाणी बंद करायची सूचना केली. थकबाकी वसुलीचा कायदेशीर रस्ता उपनिबंधकाकडून वसुली दाखला मिळवण्याचा आहे, पाणी तोडण्याचा नाही, हे कुणीतरी सांगितले म्हणून ते टळले. त्या बाईंनी माझ्या पत्नीला चौदा महिन्यांच्या यूपीआय पावत्या दाखवल्या होत्या. त्यांनी सगळे पैसे भरले होते, फक्त चुकीच्या माणसाला. आणि त्यांचा करार त्यांना त्याच माणसाला भरायला सांगत होता.

हे करार कोण लिहितो? एजंटच्या लॅपटॉपमधला नमुना असतो. त्यात नाव, पत्ता, आधार क्रमांक आणि आकडे बदलतात, बाकी मजकूर वर्षानुवर्षे तोच. 'सोसायटीचे मासिक शुल्क परवानाधारक भरेल' हे कलम त्यात आधीच बसलेले असते. कुणी वाटाघाटी करून ते घातलेले नसते. आणि गंमत अशी की याच करारामुळे भाडेकरूला कायद्याच्या भाषेत 'भाडेकरू' म्हणता येत नाही. लीव्ह अँड लायसन्स म्हणजे नुसती वापराची परवानगी, जागेत कोणताही हितसंबंध नाही. हितसंबंध नाही हे मालकाला फार महत्त्वाचे असते, ते तो नोंदणी कार्यालयात अंगठा उमटवून पक्के करून घेतो. आणि मग ज्याचा काडीचा हितसंबंध नाही त्याच्याकडून स्लॅब, कॉलम आणि पाया टिकवण्याचा निधी घेतो.

कायदा काय म्हणतो, असे कुणी विचारेल. कायदा बराचसा गप्प आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मधले १४ वे कलम घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी घरमालकावर टाकते, पण करारात उलट काही ठरले नसेल तर. आणि आपले करार लिहिले जातात ते बहुधा उलट ठरवण्यासाठीच. याच कायद्याचे ५५ वे कलम करार लेखी आणि नोंदणीकृत हवा असे बजावते आणि नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकावर टाकते. पण त्यात मेंटेनन्स कुणी भरायचा याबद्दल अवाक्षर नाही. २०२१ मध्ये केंद्राने राज्यांसाठी आदर्श भाडे कायदा आणला. त्याच्या परिशिष्टात घराच्या आतली कामे वाटून दिली आहेत: नळाचा वॉशर, गीझर, स्विच-सॉकेट, दाराची कुलपे भाडेकरूकडे, रंगकाम, पाइप, वायरिंग, बांधकामाची दुरुस्ती मालकाकडे. वॉशरपर्यंत इतका बारकाईने विचार केलेला हा कायदा सामायिक सोयींपाशी आला की म्हणतो, ते तुम्ही करारात ठरवा. म्हणजे परत एजंटचा लॅपटॉप.

नवी मुंबईत राहणाऱ्याला या सगळ्यात एक जास्तीचा विनोद दिसतो. इथली जमीन शासनाने संपादित करून १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोच्या हाती दिली, आणि सिडकोने ती विकली नाही, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. ज्याला आपण 'ओनर' म्हणतो तोही जमिनीच्या बाबतीत पट्टेदारच. शासन, त्याखाली सिडको, त्याखाली सोसायटी, त्याखाली सभासद आणि सगळ्यांत खाली अकरा महिन्यांचा परवानाधारक. पाच पायऱ्यांची ही उतरंड. बिल मात्र चौथ्या पायरीवर थांबायच्या ऐवजी घरंगळत पाचवीवर येते.

अशीच उतरंड इंग्लंडमध्ये आहे. तिथे बहुतेक फ्लॅट 'लीजहोल्ड' असतात. जमिनीचा आणि इमारतीचा मालक वेगळा, लांब मुदतीचा पट्टेदार वेगळा, आणि त्याने भाड्याने ठेवलेला राहणारा तिसराच. जिना, गच्ची, बाग यांच्या देखभालीचे सर्व्हिस चार्ज पट्टेदार वरच्या मालकाला देतो. ते वाजवी असले पाहिजेत असे १९८५ चा कायदा सांगतो, आणि एखाद्या कामाचा वाटा पट्टेदारामागे २५० पौंडांच्या वर जाणार असेल तर आधी त्याच्याशी सल्लामसलत करावी लागते. या चार्जेसवरून तिथे प्रचंड भांडणे आहेत, पट्टेदार वैतागलेले आहेत, कायदे बदलत आहेत. पण भाड्याने राहणाऱ्याचा प्रश्न त्यांनी एका फटक्यात सोडवला. २०१९ च्या टेनंट फीज कायद्याने घरमालक भाडेकरूकडून काय काय घेऊ शकतो याची बंद यादी केली: भाडे, मर्यादित डिपॉझिट, वीज-पाणी-गॅस, कौन्सिल टॅक्स आणि आणखी थोडे. त्या यादीत सर्व्हिस चार्ज नाही. तो हवा असेल तर मालकाने भाड्याच्या आकड्यात बसवावा आणि तो एकच आकडा जाहिरातीत छापावा. लंडनच्या हॅरो-हौन्स्लोला भाड्याने राहणाऱ्या मराठी मंडळींना विचारा. जिन्यातल्या कार्पेटचे बिल त्यांच्यापर्यंत येत नाही.

तिथे सगळे आलबेल आहे असे मात्र नाही. २०१० साली एक भाडेकरू कचरा टाकायला निघाला, दरवाज्यापासून कचरापेट्यांकडे जाणाऱ्या सामायिक वाटेवरच्या उंचसखल फरशीला अडखळून पडला आणि त्याचा गुडघा दुखावला. त्याचा घरमालक स्वतः त्या फ्लॅटचा पट्टेदारच होता. खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१६ मध्ये निकाल लागला की त्या वाटेची जबाबदारी या घरमालकावर येत नाही. पैसे कुणी द्यायचे हे ठरले तरी फरशी कुणी बसवायची हे उरतेच.

जर्मनीने वेगळी वाट काढली, आणि ती मला बौद्धिकदृष्ट्या जास्त देखणी वाटते. तिथे भाडे दोन प्रकारचे, काल्टमीटे आणि वार्ममीटे, म्हणजे थंड भाडे आणि गरम भाडे. पुण्याहून म्युनिकला गेलेली पोरे पहिल्या महिन्यात या शब्दांवर हसतात आणि दुसऱ्या महिन्यात ते पाठ करतात. थंड भाडे जागेचे; त्यावर हीटिंग, लिफ्ट, झाडलोट, बाग, विमा, अगदी मालमत्ता करसुद्धा असे चालू खर्च चढवले की झाले गरम भाडे. कोणते खर्च चढवता येतात याची सतरा कलमांची यादी सरकारी नियमात आहे. आणि व्यवस्थापनाचा खर्च व दुरुस्तीचा खर्च भाडेकरूवर टाकता येणार नाही असे त्याच नियमात साफ लिहिले आहे. शिवाय हिशेबाचे वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत मालकाने हिशेब द्यायचा. उशीर केला, तर राहिलेली जादा रक्कम मागायचा हक्क त्याने सहसा गमावला.

आपण या दोन्हींतले काहीच केलेले नाही. इंग्लंडसारखा एक आकडा नाही, जर्मनीसारखी यादी नाही, हिशेब तर नाहीच. यांतले काय घ्यावे असे मला विचाराल तर मी इंग्रजी वाट घेईन. अकरा महिन्यांच्या करारात वार्षिक हिशेब कुणी कुणाला द्यायचा? हिशेब तयार होईपर्यंत माणूस नेरुळहून उलव्याला गेलेला असतो.

आता घरमालकांची बाजू. त्यांतले बरेच जण काही बडे भांडवलदार नाहीत. निवृत्त शिक्षिका, एक जादा फ्लॅट, त्याच्या भाड्यावर औषधपाणी, अशी माणसे मी आमच्या इमारतीतच बघतो. त्या म्हणतात, मेंटेनन्स मी भरला तर माझ्या हातात काय राहील? राहील तेवढेच राहील, कारण भाडे तेवढ्याने वाढवून सांगता येईल. मग अर्थशास्त्र शिकलेला कुणी म्हणतो, तसे असेल तर फरक काय पडला? या खिशातून त्या खिशात. फरक पडतो वर्षाच्या मधे. जूनमध्ये गच्चीला गळती लागली, सभेने वॉटरप्रूफिंगसाठी प्रत्येक फ्लॅटमागे पंधरा हजार ठरवले, की 'मेंटेनन्स तुमच्याकडे' या कलमाच्या आधाराने मालक ते बिल खाली पाठवतो. भाडे करारात बांधलेले असते, मेंटेनन्स नसतो. म्हणून तो 'प्लस' म्हणजे भाडेकरूच्या नावाने काढलेला कोरा चेक आहे, आणि तो वटवणारी सभा भाडेकरूला आत घेत नाही.

प्राप्तिकराची गोष्टही इथेच सांगितली पाहिजे, कारण ती सहसा कुणी काढत नाही. घरभाड्याच्या उत्पन्नातून, नगरपालिकेचे कर वजा केल्यावर, मालकाला सरसकट ३० टक्के वजावट मिळते. दुरुस्ती-देखभालीवर प्रत्यक्ष किती खर्च केला हे कुणी विचारत नाही, पावती लागत नाही. एक रुपया खर्च न करणाऱ्यालाही तेवढीच. म्हणजे देखभाल मालकच करतो असे सरकारने गृहीतच धरले आहे आणि त्याची सूट आगाऊ देऊन टाकली आहे. आणि मालक ती सूट घेऊन देखभालीचे बिल भाडेकरूकडे पाठवतो. उलट भाडेकरू पगारदार असेल आणि जुन्या करप्रणालीत असेल तर त्याची एचआरएची सवलत भाड्यावर. वेगळ्या भरलेल्या मेंटेनन्सवर नाही. एकाच खर्चासाठी एकाला न केल्याची सूट आणि दुसऱ्याला केल्याचीही नाही. मेंटेनन्स भाड्यात धरायला मालक का कचरतात याचे खरे कारण पुष्कळदा हेच असते: भाडे वाढले की करपात्र उत्पन्न वाढते. एका सभासदाने मला हे अगदी निरागसपणे सांगितले होते.

देखभालीचा खर्च भाड्यातच मावला पाहिजे, हा धडा मुंबईने एकदा फार महागात शिकलेला आहे, उलट्या बाजूने. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली आणि ती तिथेच थिजली. गिरगाव, परळ, भायखळ्याच्या चाळींत दहा-वीस रुपयांच्या भाड्यात छप्पर शाकारायचे पैसे निघेनात, मालकांनी हात वर केले, लाकडी जिने कुजले, इमारती कोसळू लागल्या. शेवटी १९६९ मध्ये सरकारने इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा केला आणि उपकर बसवला. 'सेस बिल्डिंग' हा शब्द तिथून आला. भाडी गोठवणे अवाजवी ठरले आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले, १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. पण तोवर दोन पिढ्या टेकू लावलेल्या सज्ज्यांखाली राहून गेल्या होत्या. या उपकर इमारतींच्या संपादनावरून निघालेला वाद पुढे नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठापर्यंत गेला आणि त्याचा निकाल नोव्हेंबर २०२४ मध्ये लागला. दुरुस्तीचा खर्च भाड्यातून बाहेर पडला की तो कुणाचाच राहत नाही, हे तेव्हा दिसले. तेव्हा भाड्यात तो मावत नव्हता. आता मावत असताना आपण तो मुद्दाम बाहेर ठेवतो आहोत.

सोसायट्यांनीही यात हात धुऊन घेतले आहेत, आणि खजिनदार म्हणून हे मी शरमून लिहितो. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, कागदोपत्री बिनभोगवटा शुल्क, हे घर भाड्याने दिले म्हणून सभासदाकडून घ्यायचे. एके काळी काही सोसायट्या ते चौरस फुटावर किंवा भाड्याच्या टक्केवारीत मनाला येईल तसे लावत. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांवर आणले, जवळचे नातेवाईक राहत असतील तर माफ केले, आणि २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा आदेश कायम ठेवला. तरीही ते अख्ख्या बिलाच्या दहा टक्के लावणाऱ्या सोसायट्या मला माहीत आहेत. सेवा शुल्क १,८५० असेल तर १८५, हे गणित काही अवघड नाही. शिवाय भाडेकरूच्या सामानाला लिफ्ट वापरल्याचे दोन हजार, 'मूव्ह-इन' म्हणून तीन हजार, अशा पावत्या फाडल्या जातात. मालक राहत नाही म्हणून मालकावर लावलेले शुल्क जेव्हा राहणाऱ्यानेच भरायचे, तेव्हा माझी बुद्धी खुंटते. आमच्या त्या मुलाच्या बिलात ते १८५ होतेच.

पैशापेक्षाही मला जिन्याची काळजी जास्त वाटते. आमच्या इमारतीत ४८ फ्लॅट आहेत, त्यांतले १९ भाड्याने दिलेले. त्या १९ मालकांपैकी गेल्या सभेला आले दोघे. कोरम झाला नाही, नियमाप्रमाणे अर्धा तास थांबलो, मग आहेत तेवढ्यांत सभा उरकली. लिफ्टचा दोर झिजला आहे हे भाडेकरूला रोज कळते, त्याला मत नाही. मत आहे त्याला दोर दिसत नाही आणि त्याच्या खिशालाही झळ नाही, कारण बिल दुसरा भरतो. मग तो सभेला कशाला येईल? पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे पाच वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करा असे उपविधी सांगतात. आमचे दोन वर्षे लांबले, आणि लांबवणाऱ्यांत बाहेर राहणारे सभासद पुढे होते. बिल त्यांच्या खात्यातून गेले असते तर निदान हिशेब तरी वाचला असता.

गेल्या सप्टेंबरच्या सभेत मी ठराव मांडला. बिल दोन भागांत छापायचे, वर चालू खर्च, खाली मालमत्तेचा निधी. आणि खाली एक ओळ, 'हे बिल सभासदाच्या नावे असून ते भरण्याची जबाबदारी सभासदाची आहे.' भाडेकरूंना हिशेबाच्या चर्चेपुरते, मताशिवाय, सभेत बसू द्यावे असाही दुसरा ठराव होता. दुसरा पडला, चर्चासुद्धा न होता. पहिला बारा विरुद्ध नऊ मतांनी मंजूर झाला, आणि तो मंजूर व्हायचे कारण बहुधा असे की वडे थंड होत होते. दोन दिवसांनी दुबईहून एका सभासदाचा फोन आला. "अहो खजिनदारसाहेब, तुम्ही सोसायटीचे की भाडेकरूंचे?" मी म्हटले, बिल तुमच्याच नावाने निघते साहेब, मी फक्त ते मोठ्या अक्षरात छापले.

त्या मुलाने ते दोन भागांचे बिल मालकांना पाठवले आणि खालच्या भागाचे पैसे देणार नाही म्हणाला. चार दिवस मेसेज चालले. मालकांनी सिंकिंग फंड आणि विमा सोडला, म्हणजे महिन्याचे चारशे रुपये. दुरुस्ती निधीवर ते अडून बसले. डिसेंबरमध्ये त्याचा करार संपला, नूतनीकरण झाले नाही. सामान उतरवताना लिफ्टचे पैसे मागू नका असे मी वॉचमनला सांगून ठेवले होते.

जानेवारीत नवे कुटुंब आले, लातूरकडचे, लहान मुलगी आहे. त्यांच्या कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेली माहिती मालकांनी ऑफिसात पाठवली. नववे कलम मी मुद्दाम काढून वाचले: सोसायटीचे सर्व मासिक शुल्क व वेळोवेळी ठरतील ते अन्य आकार परवानाधारक भरेल. प्रत फाइलला लावली, पोच दिली.